मुंबईच्या पोटातील स्थानक

शेगावच्या रेल्वे स्थानकावर रात्री मुंबईकडे जाणारी गाडी येऊन उभी राहिली, की फलाटावर एकच लगबग उडते. श्रीगजानन महाराजांचे दर्शन घेऊन परतणारे भाविक, कामधंद्याच्या शोधात निघालेले तरुण, कचोरीचा पुडा सांभाळीत आपल्या डब्याकडे धावणारे प्रवासी अशी नाना प्रकारची माणसे त्या गाडीत चढतात. गाडी सुटते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी शेते अंधारात मागे पडतात. भुसावळ, मनमाड, नाशिक ही मोठी स्थानके येतात आणि जातात. पहाटेच्या सुमारास गाडी थळ घाट उतरते आणि सकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसात जाऊन थांबते. शेगावहून सुमारे साडेपाचशे किलोमीटर आलेला हा लोहमार्ग येथे संपतो. समोर रूळ नाहीत. समोर मुंबई शहर आहे.

परंतु अलीकडे येथूनच एक नवी वाट निघाली आहे. ती पुढे जात नाही. ती खाली जाते. टर्मिनसाबाहेर काही पावले चालून गेल्यावर जमिनीत उतरणारा जिना लागतो. तो उतरून गेल्यास खाली एक प्रशस्त, उजळलेले स्थानक दिसते आणि तेथून विजेवर चालणाऱ्या गाड्या भुयारातून दोन्ही दिशांना धावत असतात. हेच मुंबईच्या भुयारी मेट्रोचे स्थानक होय. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या भागातील मार्गाचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तो प्रवाशांसाठी खुला झाला.

हे स्थानक नवे असले, तरी ज्या भूमीत ते बांधले आहे ती भूमी इतिहासाने भरलेली आहे. म्हणून खाली उतरण्यापूर्वी वर काय आहे, हे पाहिले पाहिजे.

मुंबई हे मूळचे एक सलग शहर नव्हे. समुद्रात विखुरलेल्या सात बेटांमधील उथळ पाण्यात भर घालून, बांध बांधून तिची भूमी तयार झाली. आजच्या टर्मिनसाच्या जागेला पूर्वी बोरीबंदर म्हणत. नावातील ‘बंदर’ हा शब्दच सांगतो, की समुद्र तेथून दूर नव्हता. जवळच इंग्रजांचा किल्ला होता. त्याची तटबंदी १८६० नंतरच्या काही वर्षांत पाडण्यात आली. तरीही तिचा एक तुकडा टर्मिनसाच्या मागील बाजूस, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, अद्याप उभा आहे. ‘फोर्ट’ हे त्या भागाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिले.

१६ एप्रिल १८५३ या दिवशी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदराहून ठाण्याकडे एक आगगाडी निघाली. तिला चौदा डबे होते, सुमारे चारशे निमंत्रित त्यांत बसले होते आणि साहिब, सिंध व सुलतान अशी नावे असलेली तीन इंजिने ती ओढीत होती. तोफांची सलामी झाली आणि चौतीस किलोमीटरांचा तो प्रवास सुरू झाला. भारतातील प्रवासी रेल्वेचा तो पहिला दिवस होता. ही रेल्वे उभारणाऱ्या कंपनीच्या पहिल्या भारतीय संचालकांत जगन्नाथ शंकरशेट हे होते. मुंबईत शाळा व ग्रंथालये काढण्यासाठी झटलेल्या या गृहस्थाचे नाव आज याच भुयारी मार्गावरील एका स्थानकास दिलेले आहे.

ठाण्यापर्यंत गेलेले रूळ तेथे थांबले नाहीत. १८६५ साली थळ घाटातील अवघड मार्ग पुरा झाला आणि १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली. त्याच मार्गावर शेगाव आहे. त्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून कित्येक आठवडे प्रवास करून समुद्रकिनाऱ्याकडे जात असे. पावसात भिजे, धुळीने माखे. रेल्वे आल्यावर तोच कापूस थोड्या दिवसांत मुंबईच्या बंदरावर पोहोचू लागला. शेगावात सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले व हे गाव कापसाच्या व्यापाराचे केंद्र म्हणून प्रसिद्धीस आले. मुंबईची जी भरभराट त्या काळात झाली, तिच्यात कापसाच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. तेव्हा मुंबईच्या त्या भव्य इमारतींशी वऱ्हाडातील शेतकऱ्याचा काही संबंध नाही, असे कोणी म्हणू नये.

रेल्वेचा पसारा वाढल्यावर बोरीबंदरचे लहान स्थानक अपुरे पडू लागले. १८७८ साली नव्या इमारतीचे काम सुरू झाले. योगायोग असा, की शेगावात श्रीगजानन महाराजांचे प्रथम दर्शन भक्तांना झाले ते सालही हेच होय. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने नव्या स्थानकाचा आराखडा तयार केला. दहा वर्षे काम चालले आणि १८८८ साली ते पूर्ण झाले. घुमटाच्या शिखरावर प्रगतीचे प्रतीक म्हणून एका स्त्रीचा पुतळा आहे. तिच्या एका हातात मशाल व दुसऱ्या हातात चाक आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह व दुसरीकडे वाघ बसलेला आहे. भिंतींवर मोर, माकडे, पाने व फुले कोरलेली आहेत. या कोरीव कामात मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांचाही हात होता. प्रथम या स्थानकास इंग्लंडच्या राणीचे नाव होते. १९९६ साली त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. २००४ साली युनेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याची जागतिक वारसा म्हणून नोंद केली.

टर्मिनसासमोर मुंबई महानगरपालिकेची इमारत आहे. तीही स्टीव्हन्स यानेच बांधली असून १८९३ साली पुरी झाली. पलीकडे आझाद मैदान पसरले आहे. १८५७ च्या उठावात सहभागी झाल्याच्या आरोपावरून सय्यद हुसेन व मंगल गडिया या दोन शिपायांना इंग्रजांनी याच परिसरात तोफेच्या तोंडी दिले. पुढे या मैदानावर कित्येक सभा झाल्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी चालत आलेले हजारो शेतकरी याच मैदानावर येऊन थांबले होते. त्यांच्या पायांतील जखमा पाहून मुंबईकरांनी त्यांना पाणी, अन्न आणि पादत्राणे आणून दिली. असा हा परिसर आहे. येथील बहुतेक प्रत्येक दगडाला काही आठवण आहे.

आता प्रश्न असा, की अशा ठिकाणी नवा लोहमार्ग आणावयाचा कोठून? जमिनीवर जागा नाही. रस्त्यांवर खांब रोवून उंचावरून मार्ग न्यावा, तर रस्ते अरुंद आणि दोन्ही बाजूंस जुन्या इमारतींची गर्दी. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत तर उभे राहावयासही जागा मिळत नाही, आणि गिरगाव, काळबादेवी, वरळी अशा गजबजलेल्या भागांच्या मध्यातून त्या गाड्या जात नाहीत. म्हणून जमिनीखालून जाण्याचे ठरले. कफ परेडपासून आरे वसाहतीपर्यंतचा हा मार्ग सुमारे साडेतेहेतीस किलोमीटर लांब आहे. त्यावरील सत्तावीस स्थानकांपैकी सव्वीस जमिनीखाली आहेत.

भुयारी रेल्वे ही कल्पना जगाला नवी नाही. लंडन शहरात १० जानेवारी १८६३ रोजी पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. तिची इंजिने वाफेवर चालत. भुयारात धूर कोंडे आणि प्रवाशांचा जीव गुदमरे. विजेची गाडी आल्यावर हा त्रास संपला. भारतात पहिली भुयारी रेल्वे कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली. त्यानंतर दिल्लीने व इतर शहरांनी हा मार्ग धरला.

जमिनीखाली स्थानक कसे बांधतात, हे समजण्यासाठी शेतातील विहीर डोळ्यांसमोर आणावी. विहीर खणताना वरची माती ढासळते, म्हणून कडा बांधून काढाव्या लागतात. खाली गेल्यावर पाझर फुटतात, म्हणून पाण्याचा उपसा करावा लागतो. कातळ लागला, की पहारीने भागत नाही. भुयारी स्थानक खणणाऱ्यांपुढेही याच तीन अडचणी असतात. मात्र ती विहीर दोनशे मीटरांहून लांब असते, आणि तिच्या काठावर झाडे नसून शंभर-दीडशे वर्षांच्या इमारती असतात.

म्हणून विहिरीत जे काम शेवटी करतात, ते येथे आधी करतात. खोदण्यापूर्वीच चारही बाजूंस जमिनीत खोल छिद्रे पाडून, त्यांत लोखंड व काँक्रीट भरून, एकमेकांना चिकटलेल्या खांबांची भिंत तयार करतात. ती माती व पाणी अडवून धरते. मग आतील माती काढीत खाली जातात. भिंती आत झुकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये लोखंडी तुळया आडव्या बसवितात. तळ गाठल्यावर तेथून स्थानकाचे मजले बांधीत वर येतात आणि शेवटी छत घालून त्यावर रस्ता पूर्ववत करतात. जेथे वरून खणणे शक्य नसते, तेथे खालूनच थोडा थोडा कातळ फोडून, लगोलग त्याला आधार देत पोकळी मोठी करतात.

दोन स्थानकांमधील भुयारे मात्र यंत्रे खणतात. हे यंत्र म्हणजे सुमारे साडेसहा मीटर व्यासाची एक लांबलचक पोलादी नळी असते. तिच्या तोंडाशी फिरणारी तबकडी असून तीवर कठीण पोलादाची चाके बसविलेली असतात. तबकडी फिरते, चाके कातळ भरडतात आणि तो भुगा पट्ट्यांवरून मागे वाहून नेला जातो. यंत्राच्या आतच माणसे काँक्रीटचे वक्र तुकडे जोडून भुयाराला एकेक कडे चढवितात, आणि त्या कड्याला रेटा देऊनच यंत्र पुढे सरकते. आळी जशी लाकूड पोखरीत जाते, तसेच हे काम. फरक एवढाच, की आळी मागे पोकळी ठेवते आणि हे यंत्र मागे भक्कम भिंत ठेवून जाते.

अशी सतरा यंत्रे या कामावर होती. त्यांना महाराष्ट्रातील नद्यांची नावे दिली होती: वैतरणा, सूर्या, गोदावरी, कृष्णा, वैनगंगा, तापी. शेगावजवळून वाहणारी पूर्णा ज्या तापीला मिळते, तिचे नाव घेतलेले यंत्र मुंबईखालचा कातळ कापीत होते! हा कातळही विदर्भाला परका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला तप्त रस थंड होऊन महाराष्ट्राचा काळा पाषाण तयार झाला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर याच पाषाणात आहे. यंत्रांचे काम २०१७ च्या अखेरीस सुरू झाले. एका स्थानकापासून निघून दुसऱ्या स्थानकात यंत्राने डोके वर काढले, की कामगार आनंदाने टाळ्या वाजवीत. असा पहिला क्षण सप्टेंबर २०१८ मध्ये आला आणि बेचाळिसावा, म्हणजे शेवटचा, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी.

या सर्व कामात सर्वांत मोठी चिंता होती ती वर उभ्या असलेल्या जुन्या इमारतींची. खाली खणताना जमीन किंचित जरी खचली, तरी दगडी भिंतीला तडा जाण्याचे भय. यंत्राचा कंप सतत पोहोचला, तर कमानीतील दगड सैल होण्याचे भय. २०१७ साली टर्मिनसापासून जवळच असलेल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीवरील एक कोरीव दगडी भाग ढासळला. हा मेट्रोच्या कामाचा परिणाम असावा, अशी शंका आली आणि इमारतीचे विश्वस्त उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्या परिसरातील काम काही काळ थांबवून तज्ज्ञांकडून विचार करविला. जुन्या इमारतींवर लक्ष ठेवून मगच काम पुढे नेण्यात आले. भिंत कलते आहे काय, तडा रुंदावतो आहे काय, जमीन खाली बसते आहे काय, कंप किती होतो आहे, हे सांगणारी सूक्ष्म उपकरणे अशा कामात इमारतींवर बसवितात. वैद्य जसा रोग्याच्या नाडीवर बोट ठेवून बसतो, तसे अभियंते या उपकरणांवर दृष्टी ठेवून असतात.

या मार्गासाठी किंमतही द्यावी लागली, हे विसरता येत नाही. गिरगाव व काळबादेवी येथील काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांना त्याच भागात नवी घरे देण्याची योजना करण्यात आली. रात्रंदिवस चाललेल्या कामाच्या आवाजाने लोकांची झोप उडाली. गाड्या ठेवण्याच्या जागेसाठी आरे वसाहतीत २०१९ साली दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली, तेव्हा अनेक नागरिकांनी, विशेषतः तरुणांनी, त्यास विरोध केला. लाखो लोकांची सोय मोठी की उभी झाडे मोठी, यावर त्या वेळी मोठा वाद झाला. असा वाद होणे हे वाईट नव्हे. ज्या कामासाठी काही तोडावे लागते, त्या कामाबद्दल प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. त्यामुळे काम करणाऱ्यांचा हात अधिक जपून चालतो.

पाणी हाही असाच एक जागता शत्रू. २६ मे २०२५ रोजी मुंबईत मुसळधार पाऊस झाला. याच मार्गावरील वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात, एका अपुऱ्या प्रवेशमार्गाकडील भिंत कोसळून पाणी शिरले. स्थानक सुरू होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. ते काही काळ बंद ठेवावे लागले. कोट्यवधी रुपयांचे काम एका कच्च्या जागेने कसे अडते, याचा तो धडा होता. विहिरीचा एक दगड निसटला तरी पाणी तेथूनच वाट काढते, हे शेतकरी जाणतोच.

आता आपण त्या जिन्यावरून खाली उतरून पाहू. पायऱ्यांच्या शेजारी आपोआप सरकणारे जिने आहेत. वृद्ध व अपंग प्रवाशांसाठी उद्वाहक आहेत. वरच्या मजल्यावर तिकिटे मिळतात. त्याखाली फलाट आहे. फलाटाच्या कडेला रुळांच्या बाजूने काचेची भिंत असून तिला दारे आहेत. आठ डब्यांची गाडी येऊन नेमकी त्या दारांसमोर उभी राहते. गाडीची दारे व भिंतीची दारे एकदम उघडतात आणि एकदम मिटतात. त्यामुळे कोणी रुळांवर पडण्याची भीती नाही. येथे ऊन नाही, पाऊस नाही, वाराही नाही. म्हणून मोठमोठ्या पंख्यांनी वरची स्वच्छ हवा खाली आणावी लागते. दक्षिणेकडे पुढचे स्थानक हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचे स्मारक त्याच्या माथ्यावर आहे. उत्तरेकडे काळबादेवी, गिरगाव अशी स्थानके ओळीने लागतात. त्याच मार्गाने पुढे विमानतळापर्यंत जाता येते. कफ परेडपासून आरेपर्यंतचा सबंध प्रवास सुमारे तासाभराचा आहे.

शेगावहून आलेला प्रवासी या गाडीत बसतो, तेव्हा एका काळातून दुसऱ्या काळात जातो. त्याच्या डोक्यावर १८८८ सालची दगडी इमारत उभी असते, पलीकडे किल्ल्याच्या तटाचा अवशेष असतो, आणि पायांखाली कोट्यवधी वर्षांचा पाषाण असतो. या साऱ्यांना जपत मध्ये वाट काढणारे खाणकामगार, गवंडी, लोहार व अभियंते आता तेथे दिसत नाहीत. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. पण वर घुमटावरील मशाल हातात घेतलेली ती मूर्ती पूर्वीसारखीच ताठ उभी आहे, हीच त्यांच्या कामाची खूण होय.

नवे बांधावयाचे, तर जुने मोडलेच पाहिजे असे नाही. जुन्याचे वजन ओळखून, त्याला धक्का न लावता, मेहनतीने खाली किंवा बाजूने वाट काढता येते. आणि जेथे मोडणे अटळ असेल, तेथे ज्याचे मोडले त्याची भरपाई करण्याची जबाबदारी घ्यावी लागते. रात्री शेगावला जाणारी गाडी टर्मिनसातून सुटते, त्याच वेळी तिच्या जवळच, जमिनीखाली, दुसरी गाडी धावत असते. एकीचा मार्ग दीडशे वर्षांहून जुना, दुसरीचा कालपरवाचा. दोन्ही मार्ग माणसांच्या हातांनीच घडविले आहेत.